डोक्याला मार : न दिसणारी जखम आणि कामगाराचा हक्क

दुपारची वेळ. नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गिलाव्याचे काम चालू आहे. परांचीवरची एक फळी सरकते आणि तिच्यावर उभा असलेला गवंडी खाली वाळूच्या ढिगाऱ्याशी येऊन पडतो. त्याचे डोके कडेच्या विटांवर आपटते. चार माणसे धावतात. क्षणभर तो निपचित असतो. मग डोळे उघडतो, उठून बसतो, पाणी पितो. कानशिलाशी थोडे खरचटले आहे, रक्त म्हणावे तर दोन थेंब. मुकादम विचारतो, "काय रे, बरा आहेस ना?" गवंडी म्हणतो, "होय, काही झालं नाही." मुकादमाला हायसे वाटते. तो त्याची पूर्ण दिवसाची हजेरी लावतो आणि त्याला घरी पाठवतो. रात्री जेवताना गवंड्याला मळमळते, दोनदा ओकारी होते, डोके ठणकू लागते. घरची मंडळी म्हणतात, ऊन लागले असेल. पहाटे बायको हाक मारते, तेव्हा तो ओ देत नाही.

हा प्रसंग कोणा एका गवंड्याचा नव्हे. परांची, शिडी, विहीर, खाण, फाउंड्री, गोदी, मालाची गोदामे, जिथे म्हणून माणूस उंचावर चढतो किंवा त्याच्या डोक्यावरून जड वस्तू जाते, तिथे असे घडू शकते. हात तुटला तर तो साऱ्या जगाला दिसतो. डोक्याच्या आत झालेली इजा मात्र कित्येकदा खुद्द जखमी माणसालाही उमगत नाही. जी इजा दिसत नाही ती नोंदली जात नाही, आणि जिची नोंद नाही तिच्या भरपाईचा दावा कायद्यासमोर लंगडा पडतो. म्हणून हा विषय वैद्यकाचा जितका आहे तितकाच कायद्याचाही आहे, आणि या दोहोंची गाठ अपघाताच्या पहिल्या काही तासांतच पडते.

कवटीच्या आत काय होते?

मेंदू हा अतिशय मऊ अवयव आहे. तो कवटीच्या टणक पेटीत, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके वेगाने आपटले म्हणजे पेटी थांबते, परंतु आतला मेंदू हेलकावा खाऊन तिच्या भिंतीवर आदळतो. मार हलका असेल तर मेंदूचे काम काही काळ विस्कळीत होते. माणूस गोंधळतो, अपघाताच्या आधीचे किंवा नंतरचे काही क्षण त्याला आठवत नाहीत. जोराचा मार असेल तर मेंदूला खरचटते, त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात, रक्तवाहिन्या फुटतात.

यांतील सर्वांत फसवा प्रकार कानशिलाजवळच्या माराचा. तिथले हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला आणि ती धमनी फाटली, तर रक्त हाड आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये साठत जाते. सुरुवातीला माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चालतो. काही तास अगदी ठीक दिसतो. तेवढ्या अवधीत आतला दाब वाढत असतो. कवटीला पसरता येत नाही, म्हणून सारा भार मेंदूवर येतो. वेळेवर शस्त्रक्रिया करून ते रक्त काढून टाकले तर असा रोगी पुष्कळदा पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर प्राण जातो. आपला गवंडी "काही झालं नाही" असे म्हणाला तेव्हा खोटे बोलत नव्हता. तो त्या फसव्या अवधीत होता.

दुसरा प्रकार याच्या उलट, अतिशय संथ. उतारवयातील माणसांत, दारूचे व्यसन असलेल्यांत किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत लहानशा मारानंतरही आतल्या शिरेतून रक्त हळूहळू झिरपते आणि कित्येक आठवड्यांनी त्रास सुरू होतो. तोवर अपघात सगळे विसरून गेलेले असतात.

म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसाला एकटे सोडू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार ओकारी, जडपणे बोलणे, अवेळी झोप येणे, फिट येणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, एका बाजूच्या हातापायांत अशक्तपणा, दोन बाहुल्यांचा आकार लहानमोठा दिसणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर घटकाभरही न थांबता इस्पितळ गाठले पाहिजे. साध्या क्ष-किरण फोटोत हाडाचा तडा दिसतो, आतला रक्तस्राव दिसत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो.

इस्पितळात डॉक्टर रोग्याच्या कागदावर एक आकडा लिहितात. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही मोजणी मांडली. रोगी डोळे कशाने उघडतो, उत्तर कसे देतो आणि हातपाय कसे हलवतो, या तीन गोष्टींना गुण देऊन त्यांची बेरीज करायची. सर्वांत कमी बेरीज ३ आणि सर्वांत जास्त १५. सामान्यतः १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याखाली गंभीर, असे समजतात. घरच्या माणसांना हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु पुढे दाव्याच्या वेळी तो फार मोलाचा पुरावा ठरतो. तथापि "सौम्य" या शब्दाने कोणी फसू नये. तो शब्द पहिल्या दिवसाची अवस्था सांगतो. पुढच्या वर्षाची हमी देत नाही.

जगला, पण तो माणूस राहिला नाही

डोक्याच्या माराने माणूस कसा बदलतो याचे जगप्रसिद्ध उदाहरण कामावरच्याच अपघाताचे आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ आगगाडीच्या मार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. फिनिअस गेज हा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू लोखंडी पहारीने ठासत असताना स्फोट झाला, आणि ३ फूट ७ इंच लांबीची, सव्वातेरा पौंड वजनाची ती पहार त्याच्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला. थोड्याच वेळात बोलू आणि चालू लागला. परंतु त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी पुढे लिहून ठेवले की, पूर्वीचा कुशल आणि विश्वासू मुकादम आता चंचल आणि तोंडाळ झाला होता, आणि त्याच्या मालकांनी त्याला पूर्वीची जागा पुन्हा दिली नाही. १८६० साली तो वारला.

आज मेंदूच्या अभ्यासकांच्या तोंडी त्याचे नाव असते, पण त्या काळी त्याच्या हातात कायद्याचा कोणताही आधार नव्हता. कामगाराने मालकाची चूक सिद्ध करावी. तीही सिद्ध झाली तर मालकाने म्हणावे, "धोका ठाऊक असूनच त्याने काम पत्करले", किंवा "चूक त्याच्या सोबत्याची होती". न्यायालयात बहुधा कामगारच हरत असे. ही रीत प्रथम जर्मनीने १८८४ च्या अपघात-विमा कायद्याने आणि इंग्लंडने १८९७ च्या भरपाई कायद्याने मोडली. हिंदुस्थानात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अंमलात आला. या साऱ्या कायद्यांचे मूळ तत्त्व एकच आहे. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला, एवढे पुरे. चूक कोणाची याचा शोध भरपाईसाठी लागत नाही. धंद्याचा नफा ज्याचा, धंद्यातील जोखीमही त्याचीच.

पुढचे पाऊल विम्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळत असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्राध्यापक भा. प. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. हीच आजची राज्य कामगार विमा योजना, जिला लोक ई. एस. आय. या नावाने ओळखतात.

हे दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाले आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. जुन्या तरतुदींचा गाभा तिच्यात कायम आहे. पूर्वीचा "आयुक्त" आता "सक्षम प्राधिकारी" झाला आहे, इतकेच. ज्यांचा अपघात त्या तारखेपूर्वीचा, त्यांचा आधीच निर्माण झालेला हक्क जुना कायदा गेल्यामुळे बुडत नाही.

पहिला दरवाजा : विमा

जखमी कामगारापुढे मुख्यतः दोन दरवाजे असतात. त्यांपैकी आपला कोणता, हे प्रथम ओळखले पाहिजे, कारण एकाच दुखापतीसाठी दोन्ही दरवाजांतून पैसे मिळत नाहीत.

जिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत, अशा बहुतेक कारखान्यांना आणि आस्थापनांना विमा योजना लागू होते. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तिच्यात येतो. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे. समजा, बेळगावच्या एखाद्या फाउंड्रीत साखळीचा आकडा डोक्याला लागून कामगार जखमी झाला. तो विमाधारक असेल, तर अपघात नोकरीच्या पहिल्याच दिवशी झालेला असला तरी त्याला लाभ मिळतो. आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अट कामावरच्या दुखापतीला नाही. उपचार विम्याच्या दवाखान्यात आणि इस्पितळात होतात. मडगाव, इंदूरचे नंदानगर, हैदराबादचे सनतनगर या ठिकाणी अशी इस्पितळे आहेत. काम करता येत नाही तोवर वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने रोख लाभ मिळतो. कायमचे अपंगत्व आले तर कमाईची ताकद किती टक्के गेली हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्या प्रमाणात जन्मभर दरमहा रक्कम मिळते. मंडळाचा निर्णय पटला नाही तर त्यावर अपील आहे. कामगार दगावला तर त्याच्या पत्नीला, मुलांना आणि अन्य पात्र अवलंबितांना निवृत्तिवेतन मिळते.

मालकाने नाव नोंदवले नाही किंवा वर्गणी भरली नाही, म्हणून कामगाराचा हक्क मरत नाही. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. "तुझं कार्ड निघालेलं नाही," हे मुकादमाचे उत्तर म्हणूनच अखेरचे उत्तर नव्हे.

दुसरा दरवाजा : मालकाकडून भरपाई

जो कामगार विमा योजनेत येत नाही, त्याची भरपाई थेट मालकाने द्यावयाची असते. आपला गवंडी एखाद्या लहान ठेकेदाराकडे असेल तर त्याचा दरवाजा बहुधा हाच. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. काम ठेकेदारामार्फत चाललेले असले, तरी ज्याच्या धंद्याचे ते काम आहे त्या मुख्य मालकाकडूनही भरपाई मागता येते. ती देऊन त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. ठेकेदार रातोरात गाव सोडून गेला, तरी गवंड्याने हात टेकण्याचे कारण नाही.

रक्कम कशी ठरते? कायमचे आणि संपूर्ण अपंगत्व असेल तर मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. मृत्यू असेल तर ५० टक्क्यांना. जुन्या कायद्यान्वये जानेवारी २०२० पासून या हिशेबात महिना १५,००० रुपयांपर्यंतचे वेतन धरले जात असे. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. वेतन १५,००० धरले तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. मृत्यूच्या बाबतीत हीच रक्कम १५,५९,८५० रुपये होते. अपंगत्व अंशतः असेल, समजा कमाईची ताकद ४० टक्के गेली, तर पहिल्या रकमेचे ४० टक्के, म्हणजे ७,४८,७२८ रुपये. तात्पुरते अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षे. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडून मिळतो. म्हणून औषधांच्या पावत्या टाकून देऊ नयेत.

पैसे देय झाल्यापासून महिन्याच्या आत मालकाने दिले नाहीत तर व्याज लागते. योग्य कारणाशिवाय विलंब केल्यास रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

मालक दोन बचाव हमखास पुढे करतात. एक, "त्याने हेल्मेट घातले नव्हते." दुसरा, "तो प्यायलेला होता." कायद्यात हे अपवाद आहेत, पण त्यांची हद्द आखलेली आहे. सुरक्षेचा स्पष्ट हुकूम कामगाराने जाणूनबुजून मोडला असला पाहिजे. विसर पडणे किंवा साधा निष्काळजीपणा पुरेसा नाही. मालकाने हेल्मेट दिलेच नसेल, तर ते घातले नाही ही तक्रार त्याच्या तोंडी शोभत नाही. शिवाय अपघाताने मृत्यू आला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर हे दोन्ही बचाव मुळीच चालत नाहीत. दारूच्या आरोपाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. मेंदूला मार लागलेला माणूस अडखळत बोलतो, झोकांड्या खातो, ओकतो. पाहणाऱ्याला तो झिंगलेला वाटतो. अपघातापूर्वी तो शुद्धीत नीट काम करीत होता, हे सोबत्यांनी डॉक्टरांना त्याच वेळी सांगून कागदावर लिहवून घेतले पाहिजे.

स्मरणशक्ती किती टक्के गेली?

समजा, गवंड्याला वेळेवर इस्पितळात नेले, शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. दोन महिन्यांनी टाके सुकले, केस वाढले. पाहणारा म्हणेल, हा तर धडधाकट आहे. परंतु परांचीवर चढताच त्याला भोवळ येते. मालाचे प्रमाण तो विसरतो. उन्हात डोके फुटायला येते. पूर्वीचा शांत माणूस लेकरांवर विनाकारण खेकसतो. मुकादम म्हणतो, "सोंग करतोय."

येथे कायद्यातील परिशिष्ट अपुरे पडते. त्यात हात, पाय, बोटे आणि डोळे यांचे टक्के दिलेले आहेत. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ४० टक्के, असा तक्ता आहे. पण भोवळ, विस्मरण किंवा बदललेला स्वभाव यांसाठी त्यात ओळ नाही. याचा अर्थ भरपाई नाही असा मात्र नव्हे. परिशिष्टात नसलेल्या इजेमुळे कमाईची ताकद कायमची किती टक्के कमी झाली, हे पात्र डॉक्टरने ठरवावे आणि त्या प्रमाणात भरपाई मिळावी, असे कायदा स्पष्ट सांगतो.

मोजायचे आहे ते शरीराचे नुकसान नव्हे. त्या माणसाच्या धंद्याचे नुकसान मोजायचे आहे. ओरिसातील एका सुताराचा डावा हात अपघातात कोपराच्या वर कापावा लागला होता. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला की, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्ण धरले पाहिजे. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालात ठरले. हेच सूत्र गवंड्याला लावून पाहावे. टेबलाशी बसणाऱ्या कारकुनाला अधूनमधून भोवळ आली तर तो कदाचित निभावून नेईल. परांचीवर चढणाऱ्याला ती भोवळ म्हणजे धंद्याचा शेवट होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात नुसते "डोक्याला दुखापत" एवढे लिहिलेले असून भागत नाही. उंचीवर, यंत्राजवळ किंवा उन्हात काम करण्यास हा माणूस समर्थ आहे की नाही, हे त्यात हवे. शक्य तेथे मेंदूच्या तज्ज्ञाकडून आणि स्मरण व एकाग्रतेची चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करवून तिचा अहवाल जोडावा.

कागद जपावे, कोरे कागद टाळावे

दाव्याची खरी तयारी वकिलाच्या खोलीत होत नाही, ती अपघाताच्या जागी होते. अपघात घडताच तो कामावरील अपघात-नोंदवहीत लिहवून घ्यावा. वही नसेल तर तारीख, वेळ, जागा आणि साक्षीदारांची नावे लिहून मालकास लेखी सूचना द्यावी व तिची पोच घ्यावी. इस्पितळात "पडून लागले" एवढेच न सांगता "कामावर, परांचीवरून पडून लागले" असे सांगावे, म्हणजे केसपेपरवर तसे उतरते. घरी पडल्याचे सांगा, अशी गळ कोणी घातली तर ती मानू नये; त्या एका वाक्याने पुढचा सारा दावा कोसळतो. हजेरीकार्ड, वेतनाची चिठ्ठी किंवा बँकेतील नोंद, सीटी स्कॅनचा अहवाल आणि इस्पितळातून सुटतानाचा कागद या चार गोष्टी एका पिशवीत ठेवाव्यात. घरच्या माणसाने एका वहीत रोजची लक्षणे तारखेसह टिपावीत. रोगी स्वतः विसरतो, हाच तर त्याचा रोग आहे.

मग एके दिवशी मुकादम घरी येतो आणि म्हणतो, "वहिनी, हे वीस हजार ठेवा. मालकांनी माणुसकी म्हणून दिलेत. इथं फक्त सही करा." अशा वेळी घरधनिणीने एवढेच विचारावे, "भाऊ, कागदात काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा." भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई मालकाने प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई दिली असे मानले जात नाही. ज्या जखमीला मेंदूच्या दुखापतीमुळे स्वतःचे हित कळत नाही, त्याच्या ठोक रकमेलाही हेच संरक्षण आहे. हे संरक्षण मोठे आहे. पण सही केलेला कागद खोटा ठरवीत बसण्यापेक्षा सही न करणे केव्हाही सोपे.

दावा अपघातापासून, किंवा मृत्यू झाला असल्यास त्या तारखेपासून, दोन वर्षांच्या आत करावा. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. तथापि त्यावर विसंबू नये. दावा कोठे करावा, याचे उत्तर परगावी राबणाऱ्यांच्या सोयीचे आहे. अपघात झाला तेथे, दावेदार राहतो तेथे किंवा मालकाची नोंदलेली कचेरी आहे तेथे, यांपैकी कोठेही तो करता येतो. गोव्यात पडलेल्या बेळगावच्या गवंड्याची पत्नी बेळगावातच अर्ज करू शकते. तारखांसाठी तिला दर वेळी घाट उतरावा लागत नाही. वकीलच पाहिजे असेही नाही. नोंदलेल्या कामगार संघटनेचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो. वकील हवा असेल तर औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना १९८७ च्या विधिसेवा कायद्यान्वये तो विनामूल्य मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधिसेवा प्राधिकरणाकडे जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. निकालाविरुद्ध मालक उच्च न्यायालयात गेला तर त्याला आधी भरपाईची रक्कम जमा करावी लागते. नुसत्या अपिलाने कामगाराला झुलवत ठेवता येत नाही.

तीन गोष्टी शेवटी सांगावयास हव्यात. कामासाठी गाडी चालवताना अपघात झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्गही खुला असतो. परंतु दोहोंपैकी एकच निवडावा लागतो, म्हणून निवडीपूर्वी सल्ला घ्यावा. बांधकाम मजुराने, गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केले असल्यास, राज्याच्या कल्याण मंडळाकडे नाव नोंदवावे. मंडळाची मदत वेगळी असते. आणि सरकारी आस्थापनेत नोकरी करताना अपंगत्व आले, तर त्या कारणाने कोणाला काढून टाकता येत नाही वा खालच्या पदावर ढकलता येत नाही, असे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे.

पैसा मिळाल्याने गेलेली स्मृती परत येत नाही. परंतु ज्या घरात कर्ता माणूस अंगाने उभा आणि मनाने अर्धा उरला आहे, त्या घरातील मुलांची शाळा चालू राहणे आणि औषध वेळेवर येणे या रकमेवर अवलंबून असते. ती दया म्हणून मिळत नाही, हक्क म्हणून मिळते. त्या दुपारी गवंडी "काही झालं नाही" म्हणाला, तेव्हा एखाद्या सोबत्याने त्याचे न ऐकता त्याला इस्पितळात नेले असते, आणि कामावर पडला एवढे चार शब्द कागदावर उतरवले असते, तर त्याचे प्राण आणि त्याचा हक्क हे दोन्ही एकाच फेरीत सुरक्षित झाले असते.